गोव्यातले राज्य पुरस्कार: कलाकार, कार्यकर्ते आणि त्यांच्या घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या दिवसांत भजन-आरत्यांच्या निमित्ताने गावोगाव कलाकार भेटतात तेव्हा, आणि जानेवारीत पद्म पुरस्कारांची यादी येते तेव्हा, हे प्रश्न नेमाने आमच्यापर्यंत येतात. बहुतेक वेळा विचारणारा स्वतः कलाकार नसतो. त्याची मुलगी, भाचा, शिष्य किंवा वाड्यावरचा कोणी शिकलेला पोर विचारतो. त्यांच्यासाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत. पुरस्काराची रक्कम आणि शेवटची तारीख दर वर्षीच्या जाहीर सूचनेत पाहावी. त्या बदलतात, म्हणून इथे दिलेल्या नाहीत.

१. गोवा सरकारचे पुरस्कार नेमके कोण देतं? सगळ्यांसाठी एकच अर्ज चालतो का?

एकच अर्ज चालत नाही. कलेच्या बाबतीत मुख्य दार म्हणजे कला व संस्कृती संचालनालय. ते पणजीत पाटोवर संस्कृती भवनात आहे. राज्य सांस्कृतिक पुरस्कार, कला गौरव पुरस्कार आणि तरुणांसाठीचा युवा सृजन पुरस्कार या संचालनालयाकडून दिले जातात. कांपालची कला अकादमी कोकणी आणि मराठी पुस्तकांना साहित्य पुरस्कार देते, शिवाय नाटक-भजनाच्या स्पर्धा घेते (स्पर्धांबद्दल प्रश्न ९). गोवा कोंकणी अकादमी आणि तियात्र (कोकणी संगीत नाटक) अकादमी आपापल्या क्षेत्रात गौरव करतात. गोवा राज्य चित्रपट महोत्सवात कोकणी व मराठी चित्रपटांना मिळणाऱ्या पुरस्कारांचं काम गोवा मनोरंजन संस्था पाहते. महिलांसाठीचा यशदामिनी पुरस्कार महिला व बाल विकास खात्याकडून मिळतो. जिवबादादा केरकरांच्या नावाचा पुरस्कार क्रीडा क्षेत्रासाठी आहे. तोही सांस्कृतिक समजून बरेच जण चुकीच्या दारात जातात.

२. गोमंत विभूषण म्हणजे काय? त्यासाठी गावातल्या कलाकाराचं नाव सुचवावं का?

तो राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान आहे आणि फक्त कलेसाठी नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर, लेखक-पत्रकार लॅम्बर्ट मास्कारेन्यस यांना तो मिळाला आहे, यावरून त्याची व्याप्ती कळते. नाव सुचवायला हरकत नाही. पण ज्या कलाकाराला आजवर एकही सरकारी गौरव मिळालेला नाही, त्याच्यासाठी आधी राज्य सांस्कृतिक किंवा कला गौरव पुरस्काराचा प्रस्ताव करावा, असं आमचं मत आहे. वय झालेल्या माणसाचा वेळ मोलाचा असतो.

३. माझ्या वडिलांना 'कला सन्मान' मिळतो. म्हणजे त्यांना राज्य पुरस्कार मिळाला असं लिहिता येईल का?

नाही. कला सन्मान ही गरजू कलाकारांना दर महिन्याला आर्थिक आधार देणारी योजना आहे. तिच्यासाठी उत्पन्न आणि गोव्यातला रहिवास पाहिला जातो. पुरस्कारासाठी काम पाहिलं जातं. योजनेचा लाभ घेणाऱ्याला पुरस्कारासाठी वेगळा प्रस्ताव करता येतो, एकाने दुसऱ्याचं दार बंद होत नाही. लाभ चालू ठेवायचा तर हयातीचा दाखला वेळेत द्यावा लागतो, तेवढं घरच्यांनी लक्षात ठेवावं.

४. अर्ज कलाकारानेच करायचा की दुसऱ्या कोणी? स्वतःसाठी मागणं बरं दिसत नाही.

हा संकोच आम्हाला प्रत्येक तालुक्यात भेटतो, आणि चांगल्या कलाकारांत जास्त भेटतो. संस्थेने, शिष्याने किंवा रसिकाने नाव सुचवलं तर उत्तमच. त्या-त्या वर्षीच्या सूचनेत कोणाची शिफारस चालते ते दिलेलं असतं. पद्म पुरस्कारांसाठी तर कोणीही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. तिथे कार्याचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत लिहायचं असतं. तेच आठशे शब्द एकदा नीट लिहून ठेवले की पुढे राज्याच्या प्रस्तावालाही उपयोगी पडतात.

आमदारांचं शिफारसपत्र हवंच, असं कोणी सांगितलं तर सूचना वाचून पाहा. त्यात मागितलेलं नसेल तर त्या पत्रापेक्षा कलाकाराच्या क्षेत्रातल्या दोन जाणत्यांनी त्याच्या कामाविषयी लिहिलेली पत्रं अधिक वजनदार ठरतात.

५. आई आयुष्यभर धालो आणि फुगडी गात आली. पाचपन्नास गाणी तोंडपाठ आहेत. पण एकही प्रमाणपत्र नाही. प्रस्ताव कसा करायचा?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचाही हाच वाटतो. शहरात नाटक केलं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण येतं. पौषाच्या रात्री मांडावर, म्हणजे धालोसाठी राखलेल्या गावच्या जागेवर, गाणाऱ्या बाईचं परीक्षण कोणी लिहीत नाही. निवड समितीपुढे येतो तो कागद. ज्याचा कागद नाही, तो कितीही मोठा असला तरी समितीला दिसतच नाही. म्हणून आधी कागद तयार करायचे.

सुरुवात गाण्यांपासून करा. आईकडून एकेक गाणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख आणि ते गाणं ती कोणाकडून शिकली हे तिच्याच तोंडून येऊ द्या. मग ती गाणी वहीत उतरवा. शब्द तिच्या बोलीतले जसे आहेत तसेच ठेवा, 'शुद्ध' करायला जाऊ नका. पेडण्याचा उच्चार काणकोणच्या उच्चारापेक्षा वेगळा आहे, आणि जाणकाराला नेमकं तेच हवं असतं.

मांडावर चित्रीकरण करायचं असेल तर आधी मांडकऱ्यांना (मांड सांभाळणाऱ्यांना) विचारा. मांड ही पवित्र जागा आहे. काही ठिकाणी पुरुषांनी तिथे जायचं नसतं, काही ठिकाणी कॅमेरा चालत नाही. परवानगी नसेल तर घरच्या सोप्यावर बसून गायलेलंही चालतं.

त्यानंतर साक्षी. देवस्थान समितीचं पत्र, पंचायतीचं पत्र, तिच्याकडून शिकलेल्या बायकांची सही केलेली निवेदनं. 'त्या थोर कलाकार आहेत' अशा पत्राचा उपयोग होत नाही. 'अमुक वाड्यावरच्या मांडावर त्या पुढे उभ्या राहून गातात, मी त्यांच्याकडून अमुक गाणी शिकले' हे लिहिलेलं हवं.

जुन्या बातम्या शोधायच्या असतील तर संस्कृती भवनातच कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात गोव्यातली जुनी वर्तमानपत्रं जपलेली आहेत. मराठी दैनिक 'गोमन्तक' १९६२ मध्ये निघालं. तेव्हापासूनच्या लोकोत्सवाच्या बातम्यांत गावाचं नाव सापडलं तरी तो दुवा ठरतो. अंदाजे वर्ष आणि सणाचा महिना ठरवून गेलात तर शोध लवकर लागतो.

६. वडील दशावतारात आणि उत्सवी नाटकांत काम करायचे. घरात जत्रेची हँडबिलं ढीगभर आहेत, पण त्यांवर सालच नाही.

हँडबिलं टाकू नका, त्यांतून साल काढता येतं. पेडण्याकडच्या एका घरात पत्र्याच्या पेटीत अशी हँडबिलं आम्ही पाहिली आहेत. पिवळा-गुलाबी पातळ कागद, वर देवाचं नाव, मध्ये नाटकाचं नाव ठळक टायपात, खाली पात्रपरिचय, आणि वेळ 'रात्रौ ठीक १० वाजता'. तारखेच्या जागी फक्त 'मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार'. छापणाऱ्याला साल घालायची गरज वाटली नव्हती, कारण गावाला ते ठाऊक होतं.

तिथी आणि वार दोन्ही असले की जुन्या पंचांगांशी ताडून पाहा. एखादी तिथी ठरावीक वारी दर वर्षी येत नाही, त्यामुळे शक्यता थोड्याच उरतात. त्यांतून वडिलांचं वय, सोबतच्या नटांची नावं आणि तळाशी छापलेलं छापखान्याचं नाव यांवरून बहुधा एकच साल शिल्लक राहतं. प्रस्तावात 'तिथी-वारावरून काढलेलं साल' असं स्पष्ट लिहा. कागदांची झेरॉक्स लावा, मूळ प्रत कधीही देऊ नका. कसर लागली असेल तर प्लास्टिकमध्ये बंद करू नका, दमट हवेत कागद आतल्या आत कुजतो. कोऱ्या कागदांच्या मधे सपाट ठेवा.

भजनी कलाकारांसाठी हाच उपाय सप्ताहाच्या पत्रिकांचा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात किंवा मडगावच्या दिंडीत साथ केली असेल तर त्या वर्षीच्या पत्रिकेत नाव असण्याची शक्यता असते. तबल्या-पेटीची साथ करणाऱ्यांची नावं बारीक अक्षरांत असतात, नीट पाहा.

७. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि लोक ओळखतात तिसऱ्याच नावाने. काय करायचं?

गोव्यात हे घरोघरी आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत नाईकचं स्पेलिंग वेगळं, प्रभूचं 'पोरोब', शेणैचं 'सिनाय'. त्यात कलावंतीणींची आणि नटांची रंगमंचावरची नावं निराळी, आणि लग्नानंतर बदललेली नावं आणखी निराळी. प्रस्तावात कायदेशीर नाव आधी आणि 'या नावाने परिचित' म्हणून प्रचलित नाव पुढे लिहा. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. नाव कायमचंच बदलून घ्यायचं असेल तर त्यासाठी १९९० चा गोवा नाव व आडनाव बदल कायदा आहे, पण त्याला वेळ लागतो. केवळ पुरस्कारासाठी त्या वाटेला जाऊ नका. बँक खातं मात्र ज्या नावावर आहे तेच नाव रकमेच्या कागदांवर हवं.

८. आमचं घुमट आरती मंडळ आहे. पुरस्कार मंडळाला मिळतो की एकाला?

सूचनेत 'संस्था' किंवा 'पथक' असा गट असेल तर मंडळाला, नाहीतर व्यक्तीला. अडचण अशी की घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं एकत्र वाजल्याशिवाय आरतीच उभी राहत नाही. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तरी वादकांना वैयक्तिक पुरस्कार मिळवून देणं अजून अवघडच जातं. आमचा सल्ला असा: मंडळाने बैठकीत ठराव करून ज्येष्ठ वादकाचं किंवा शिकवणाऱ्याचं नाव एकमताने पुढे करावं आणि ठरावाची प्रत प्रस्तावाला जोडावी. पुढे रुसवेफुगवे टळतात, आणि समितीलाही दिसतं की मागे सगळा वाडा उभा आहे. घुमट घडवणारा कुंभार, मुखवटे रंगवणारा, भिंतीवर कावी चित्रं काढणारा हेही कलाकारच आहेत. त्यांची नावं सुचवायला मंडळं विसरतात, हे मनाला लागतं.

९. कला अकादमीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तो राज्य पुरस्कार मानायचा का?

नाही, ते स्पर्धेचं पारितोषिक. नाट्यस्पर्धा असो की मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीतली भजन स्पर्धा, बक्षीस त्या सादरीकरणाला असतं. प्रस्तावात ते आवर्जून लिहा, पण 'पारितोषिके' या मथळ्याखाली.

१०. प्रस्ताव मराठीत दिला तर चालेल का?

चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे, आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचं सरकारचं धोरण आहे. कलाकार दोन्ही भाषांत काम करत असेल तर दोन्ही लिहा. एक भाषा लपवल्याने कोणाचाच फायदा होत नाही, आणि गोव्याच्या मंचावर कीर्तन मराठीत व बोलणं कोकणीत हे रोजचंच आहे.

११. मूळ गाव गोव्यात, पण मुक्काम मुंबईत. गोव्याचा पुरस्कार मिळू शकतो का? आणि महाराष्ट्राचा?

गोव्याच्या बऱ्याच योजनांत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, तो मामलेदार कचेरीतून मिळतो. पुरस्कारांच्या अटी त्याहून सैल असू शकतात, म्हणून सूचनेतली रहिवासाची ओळ आधी वाचा. महाराष्ट्राचं म्हणाल तर इतिहासच बोलतो. फोंड्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि महाराष्ट्र सरकारने त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवलं. ज्यांच्या घराण्याचं नावच मंगेशीवरून आहे त्या लता मंगेशकर १९९७ च्या महाराष्ट्र भूषणच्या मानकरी. कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांनाही १९७४ चं पद्मभूषण मिळालं ते मुंबईतल्या साधनेवर. त्यांचं ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. या बायांना मोठेपण मिळवायला गाव सोडावं लागलं. आज गावात राहूनच गाणाऱ्यांना गावात असतानाच मान मिळावा, म्हणून हे सगळे प्रस्ताव.

१२. समाजसुधारणेचं काम करणाऱ्यांसाठी कोणता पुरस्कार? तिथे काय दाखवायचं?

महिलांच्या कामासाठी यशदामिनी आहे (प्रश्न १), आणि केंद्राकडे पद्म पुरस्कारांत समाजकार्य असा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या नावाचे पुरस्कार आहेत, पण ते त्या राज्यातल्या कामासाठी.

गोव्यात कला आणि सुधारणा वेगळ्या काढणं कठीण आहे. देवळांच्या सेवेत बांधलेल्या कलावंत समाजाने स्वतःच शिक्षणाचा, लग्नाचा, सन्मानाने जगण्याचा हक्क मिळवला आणि त्याच घरांतून देशाला मोठे गायक मिळाले. तेव्हा एखाद्या बाईने आपल्या वाड्यावरच्या मुलींना शाळेत घातलं आणि भजनही शिकवलं, तर तिच्या प्रस्तावात दोन्ही गोष्टी लिहा.

पुरावा मात्र बदलाचा हवा. 'प्रबोधन केलं' याने काही कळत नाही. काय बंद पडलं, काय सुरू झालं, ते दाखवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला. असा ठराव तुमच्या पंचायतीत कोणाच्या धडपडीने झाला असेल तर त्या ठरावाची प्रत हाच सर्वांत मोठा दाखला. त्यानंतर विधवांनाही बोलावून हळदीकुंकू झालं असेल तर तिथे आलेल्या बायकांची निवेदनं सोबत जोडा.

१३. 'लता मंगेशकर पुरस्कार' दोन ठिकाणी दिसतो. खरा कोणता?

दोन्ही खरे. मध्य प्रदेश सरकारचा राष्ट्रीय लता मंगेशकर सन्मान १९८४ पासून आहे, महाराष्ट्र सरकारचा १९९२ पासून. एकाच थोर व्यक्तीच्या नावाने अनेक पुरस्कार असतात, म्हणून परिचय लिहिताना पुरस्कारापुढे देणाऱ्याचं नाव आणि साल नेहमी लिहा. तसंच ज्ञानपीठ सरकारी नाही. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना मिळालेला हा सन्मान भारतीय ज्ञानपीठ या खासगी न्यासाचा आहे.

१४. फोन आला, 'तुमची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा.' भरू का?

भरू नका. सरकारी पुरस्कारासाठी निवड झालेल्याकडून पैसे घेत नाहीत. स्मृतिचिन्हाचा खर्च, जेवणाचं कूपन, 'मानद डॉक्टरेट'ची फी, काहीही कारण सांगोत. ज्येष्ठ कलाकारांना अशा फोनांनी फार दुखावलं आहे, घरच्यांनी हे त्यांना आधीच सांगून ठेवावं.

१५. पुरस्काराचं नाव माझ्या नावाआधी छापलं तर?

छापू नका. राज्यघटनेचा अठरावा अनुच्छेद सरकारला लष्करी आणि शैक्षणिक सोडून इतर किताब द्यायला मनाई करतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात सांगितलं की भारतरत्न आणि पद्म हे किताब नाहीत, म्हणून ते वैध आहेत, पण नावाच्या मागे-पुढे उपाधी म्हणून लावता येणार नाहीत. राज्याच्या पुरस्कारांनाही हीच शिस्त पाळावी. कार्यक्रमाच्या पत्रिकेत नावाखाली वेगळ्या ओळीत 'राज्य सांस्कृतिक पुरस्कारप्राप्त' लिहिलं तर मान राहतो आणि नियमही.

१६. रकमेवर कर लागतो का?

आयकर कायदा १९६१ च्या कलम १० (१७अ) प्रमाणे सार्वजनिक हितासाठी सरकारने दिलेल्या आणि केंद्राची मान्यता असलेल्या पुरस्काराची रक्कम करमुक्त असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला नवा २०२५ चा कायदा लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तुमचा पुरस्कार या मान्यतेत येतो का, ते देणाऱ्या खात्याकडून लेखी घ्या आणि करसल्लागाराला दाखवा. ती रक्कम ठेवीत टाकली तर तिच्यावरचं व्याज मात्र नेहमीसारखं उत्पन्नात धरलं जातं.

१७. मी सरकारी शाळेत शिक्षक आहे आणि कीर्तन करतो. पुरस्कार घेता येईल का?

घेता येतो, पण आधी कार्यालयप्रमुखाला लेखी कळवून परवानगी घ्या. पद्म पुरस्कारांना मात्र डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेतले सरकारी कर्मचारी पात्र नसतात.

१८. प्रस्ताव दिला आणि त्यानंतर कलाकार गेले. आता?

खात्याला लगेच लेखी कळवा आणि प्रस्ताव मागे घेऊ नका, निर्णय समितीवर सोडा. मरणोत्तर सन्मान अपवादानेच होतो. मारिओ मिरांडा डिसेंबर २०११ मध्ये गेले आणि २०१२ च्या यादीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मनोहर पर्रीकरांना २०२० मध्ये पद्मभूषणही मरणोत्तरच.

१९. दोन वर्षं नाव सुचवलं, काही कळलं नाही. कोणाला विचारायचं?

आधी पोचपावती शोधा. पोच नसेल तर प्रस्ताव पोचलाच नसेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की समारंभ पुढे ढकलले जातात, तो उशीर कोणाच्या हातात नसतो. त्यानंतरही उत्तर नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, न मिळाल्यास पहिलं अपील करता येतं. अर्जात 'का नाही दिला' असं विचारू नका, कारण असा 'का' विचारणारा प्रश्न माहितीत मोडत नाही. 'त्या वर्षी आलेल्या प्रस्तावांची यादी, निवडीचे निकष आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत' मागा. निकष हाती आले की आपल्या प्रस्तावात कोणता कागद कमी पडला ते कळतं, आणि पुढच्या वर्षी प्रश्न ५ आणि ६ मधली कामं पुरी करून तोच प्रस्ताव पुन्हा देता येतो.